पाणी जायची भोकं

मुलाची जीप उपेंद्र परबांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण तिचा नट न् नट त्यांना तोंडपाठ होता. सात वर्षं दर रविवारी, मालवणात जेवणं आटपायच्या सुमाराला, आयर्लंडहून सारंगचा फोन यायचा. पहिली दोन मिनिटं तब्येतीची. मग सारंग घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "बाबा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज येतोय." पुढची वीस मिनिटं बापलेक एकाच बाकड्यावर बसल्यासारखे बोलायचे. सारंगची आई शेजारी रिसिव्हरसाठी हात पुढे करून बसलेली असायची. तिच्या वाट्याला शेवटचं दीड मिनिट यायचं, तेही फोनकार्डातले पैसे संपत आल्याचं सांगणारी बाई मधेच बोलायला लागल्यावर. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मग ते दीड मिनिटही जीपलाच मिळालं.

त्याआधी हे दोघं असे कधी बोललेच नव्हते. उपेंद्र म्हणजे एसटीच्या डेपोतले परबमेस्त्री. चौतीस वर्षं पिटात उतरून बसच्या पोटाखाली काढलेली. मुलगा बारावीपर्यंत त्यांच्या कपड्यांच्या वासाला नाक मुरडायचा. नंतर तो पुण्याला शिकायला गेला, मालवणी तिथल्या हॉस्टेलातच ठेवून कंप्युटरवाला होऊन बाहेर पडला, मुक्ताशी लग्न केलं. मुक्ता डॉक्टर. तिला आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, त्यालाही त्याच गावात काम मिळालं, आणि समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर घेतल्यावर त्याने ही नव्वद सालची जपानी जीप घेतली. तिकडे उंच चाकांच्या कुठल्याही गाडीला जीपच म्हणतात, त्यामुळे फोनवर समजवायला सोपं गेलं.

घेतल्याच्या पहिल्याच रविवारी सारंगने विचारलं होतं, "बाबा, इथे हवा खारी आहे. काय करू?"

आयुष्यात पहिल्यांदा मुलाने त्यांना काही विचारलं होतं. उपेंद्र खुर्चीत ताठ बसले. "खालसून काळो रंग मार. आमी पावसाआधी बशींका मारूचो तसा. तुमच्याकडे बारा म्हयने पाऊस, तू वर्साक दोनदा मार. आणि भोक दिसला काय बुजव. भोकातसून मीठ शिरता."

सारंगने मारलं. जीप दोन इंच उंच केली, मोठे टायर चढवले, हवा ओढायचा नळा छतापर्यंत नेला, पुढे पाइपांचं गार्ड बसवलं, तेही सगळं यांना विचारून. पाकिटातून फोटो यायचे. नातीचे चार, जीपचे अकरा.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये उपेंद्र तीन महिन्यांसाठी तिकडे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा थांबल्यावर त्यांनी जुनी पँट चढवली, पुठ्ठा अंथरला आणि हातोडी घेऊन जीपखाली शिरले. सहासष्टाव्या वर्षी कुणाच्या घरी पाहुणे म्हणून बसण्यापेक्षा त्यांना ती जागा बरी वाटली.

खालून जीप नव्या तव्यासारखी काळी होती. एवढं नेटकं काम त्यांच्या डेपोत कुणी केलं असतं तर त्यांनी स्वतःच्या खिशातून चहा पाजला असता. ते चासी ठोकत मागे सरकू लागले. टण्. टण्. दाराखाली टण्. मागच्या चाकावर चासी कमान घेऊन चढते तिथे आवाज बदलला. पिकलेल्या फणसावर टिचकी मारावी तसा, बद्द. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग स्क्रूड्रायव्हर टेकवून थोडा दाबला, आणि तो भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा चमचाभर तांबडं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. बाहेर काळा रंग शाबूत, आत वाळक्या पानांच्या पातेऱ्यासारखे लोखंडाचे पापुद्रे.

पाणी आत आलं कसं, हे ते शोधत नव्हते. पाणी कुठूनही येतं. ते बाहेर का गेलं नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. बोट फिरवता फिरवता चासीच्या तळाशी एक गोल उंचवटा लागला. वीतभर पुढे आणखी एक. मग आणखी एक. भोकं. सगळी बुजवलेली, काळ्याचे चौदा हात देऊन.

बसची चासी उघडी असते, पन्हळीसारखी. पाणी आलं तसं जातं, तिथे काळं मारलं की काम झालं. ही चासी चारी बाजूंनी बंद, लांबलचक पेटीच. म्हणून कुणा जपान्याने तळाला भोकं ठेवली होती. आणि मालवणातून एका मेस्त्रीने, गाडी न बघता, ती बुजवायला लावली होती.

"बाबा, चहा!" सारंगचे बूट पुठ्ठ्याशी येऊन थांबले. "कसं वाटतंय? खरं सांगा हं, मेस्त्री म्हणून."

बुटांच्या लेसा नीट बांधलेल्या होत्या. लहानपणी त्याला ते कधी जमायचं नाही.

"ठीक आसा," उपेंद्र म्हणाले.

"ठीक? सात वर्षं रविवारी खाली झोपलोय मी. ठीक काय!"

"बरा आसा. काम बरा केलंस."

सारंग खूश झाला. येत्या रविवारी सगळ्यांना घेऊन कॉनर पासच्या घाटात जायचं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता, असं तो कौतुकाने सांगत होता. खाली पडलेल्या माणसाने त्यावर "हूं" म्हटलं.

चार दिवस उपेंद्रांनी स्वतःशी वाद घातला. सांगायचं तर होतंच. त्या मागच्या सीटवर नात, तन्वी, बसायची. पण गाडी आतून गंजून कुसली म्हटलं की कशाने कुसली हे आलंच, आणि मग सारंग यांना पुढे काय विचारणार? जीप नसती तर त्या फोनवर आपण काय बोललो असतो, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. आता आणलं, आणि त्यांना काही म्हणजे काही सुचलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी पोट धरलं.

"आर वी नॉट गोइंग, आजोबा?" तन्वी दारात. तिला मराठी सगळं समजायचं; उत्तर मात्र तिकडच्या हेलात यायचं.

"पोट दुखता माजा, बाय."

"इट्स ग्रँड. वी'ल गो नेक्स्ट वीक." 'ग्रँड' म्हणजे तिकडे नुसतं 'चालेल'. ती उड्या मारत गेली. म्हणजे धोका टळला नव्हता, आठवडाभर पुढे गेला होता.

घरात डॉक्टर असताना पोटदुखीचं सोंग करणं हा तसा अडाणीपणाच. मुक्ताने दार लोटलं, पोटावर चार ठिकाणी दाबून पाहिलं, आणि हात बाजूला घेत म्हणाली, "बाबा, तुमचं पोट माझ्यापेक्षा चांगलं आहे. काय झालंय?"

"काय नाय गो."

"चार दिवस तुम्ही जेवताना मान वर केली नाहीत. माशाला नावं ठेवली नाहीत. मी काय समजू?"

उपेंद्रांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर जीप उभी होती, गार्ड पुसून चकचकीत. "त्या गाडयेत पोराक बसवू नको. भितरसून कुसली ती. मागसून मोडतली."

मुक्ता पलंगाच्या कडेवर बसली. "सारंगला सांगितलंत?"

"तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणेल, तू पेशंट बघ. माझ्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणालात ना, तेव्हा कुठे त्याला ते खरं वाटलं होतं. तुम्हालाच सांगायला लागेल."

हे त्यांना माहीत नव्हतं. न कळतं तर बरं झालं असतं.

दुपारी त्यांनी सांगितलं. फक्त कुसली एवढंच. सारंग हसला, मग त्यांच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला आणि जीपखाली गेला. बराच वेळ त्याचे पाय तेवढे दिसत होते. स्क्रूड्रायव्हर कुठे लावायचा हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. तरी ती जागा त्याला लगेच सापडली. बाहेर आला तेव्हा त्याच्याही बाहीवर तांबडं पाणी होतं.

"पत्रे जोडून वेल्डिंग होईल ना, बाबा?"

"पत्रो जोडूक चांगला लोखंड व्हया. खय आसा ता?"

तरी दुसऱ्या दिवशी दोघं बैलगाडीच्या वेगाने जीप घेऊन वळणावरच्या डोनलच्या गॅरेजात गेले. डोनल साठीचा, लाल मानेचा. त्याने जीप वर उचलली, खालून फिरला, दोनदा शीळ घातली. असला रंग नव्या गाडीलाही नसतो म्हणाला. मग बोट वर करून त्याने एक उंचवटा खरवडला, दुसरा खरवडला. तिसरं भोक मोकळं होताच पाण्याची धार थेट त्याच्या बुटावर पडली. ती थांबेपर्यंत तिघंही बघत राहिले. बराच वेळ पडत होती.

डोनल मोठ्याने हसला. ही भोकं कुठल्या गाढवाने बुजवली, अशा अर्थाचं काहीतरी त्याने विचारलं. उपेंद्रांचं इंग्रजी बेताचं, पण हा प्रश्न कुठल्याही भाषेत कळला असता. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलंसुद्धा.

"मी," सारंग इंग्रजीत म्हणाला. "इंटरनेटवर वाचलं होतं."

डोनलने इंटरनेटला एक शिवी दिली, सारंगच्या पाठीवर थाप मारली आणि जीप इथेच राहू दे, रस्त्यावर नेण्यात अर्थ नाही, भंगारवाल्याला मी फोन करतो म्हणाला. मग उपेंद्रांकडे वळून त्याने आदबीने विचारलं, तुम्हीही या धंद्यातलेच ना? सारंगने भाषांतर केलं. उपेंद्रांनी मान हलवली. होय की नाही, ते डोनलला कळलं नसावं.

परत चालतच आले. झिमझिम सुरू झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल घंटांसारख्या फुलांची झुडपं, मधून एक गाडी जाईल एवढीच वाट. सारंग पुढे चालत होता.

"सारंग, ती भोकां बुजवूक मीच सांगलंय."

"जाऊ दे ना, बाबा."

"तू तेका इंटरनेट कित्याक सांगलंस?"

"मग काय सांगू?" सारंग वळला नाही. "गाडीबरोबर पुस्तक आलं होतं. त्यात चित्र आहे, बाण काढून. ही भोकं बंद करू नका म्हणून. पहिल्याच वर्षी वाचलं मी."

उपेंद्र थांबले. "मगे?"

"मग काय? तुम्ही सांगितलं होतंत." आता तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर उपेंद्रांना काहीतरी धरायला मिळालं असतं. "मला वाटलं, पुस्तकापेक्षा तुम्हाला जास्त कळतं."

मागून गाडी आली. दोघं झुडपांत अंग चोरून उभे राहिले, गाडीवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार केला, आणि सारंगनेही सवयीने बोट उचललं. पुस्तकात काय दिलंय रे, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. सात वर्षांत किती रविवार झाले? उपेंद्रांना मोजवेना.

जीपच्या जागी अंगणात तेलाचा डाग आणि चार कोरडे चौकोन राहिले. चौकोन लगेच पावसाने पुसले, डाग राहिला. परतीचं तिकीट ऑगस्ट अखेरीचं होतं, बदलायला गेलं तर मुक्ताच्या जिवाला लागलं असतं. उपेंद्र भांडी घासू लागले. सारंग संध्याकाळी घरी आला की तब्येत विचारायचा, उपेंद्र बरी म्हणायचे, आणि मग दोघंही टीव्ही बघायचे. त्यात बहुतेक वेळ गायींच्या बाजाराचे भाव असायचे. दोघंही ते लक्ष देऊन बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी सारंगने मुक्ताच्या छोट्या गाडीचं बॉनेट उघडलं. उघडून तो उभा राहिला, घसा खाकरला.

"बाबा, हिचं ऑईल बदलायचंय. कुठलं घालू?"

उपेंद्र दाराच्या पायरीवर बसले होते. सारंगला ते ठाऊक होतं. डब्यावर लिहिलेलं असतं, नसलं तर डोनलला विचारलं असतं. जगात कुणालाही विचारलं असतं. तो बॉनेटची दांडी धरून यांच्याकडे बघत होता, शाळेत बक्षीस मिळवून आलेलं पोर बघतं तसा. ऑईल कुठलं घालायचं ते उपेंद्रांनाही ठाऊक होतं. अगदी ओठावर होतं.

"पुस्तकात बघ," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही सांगा ना."

"पुस्तकात बघ, रे."

सारंगने डिकीतून पुस्तक काढलं, पान शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागला, पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, इंग्रजीतून. मधे मधे थांबून तो 'बरोबर ना?' अशा नजरेने वर बघत होता. आपली मान हलायच्या आत उपेंद्रांनी चपला घातल्या, फाटक उघडलं आणि रस्त्याला लागले.