बाईच्या आवाजातली कविता

मी एक जुना चिनी कवितापट आहे, मित्रांनो. दोन टोकांना लाकडी दांडे, मधे रेशमावर चिकटवलेला पातळ कागद आणि त्यावर काळ्या शाईतल्या आठ ओळी. सध्या मी आखातातल्या रास अल खैमाला दत्तप्रसाद आणि अनुराधा यांच्या घरात राहतो. माझ्यामुळे या घरात संशय शिरला होता, त्याची ही हकिकत.

चीनमधल्या एका लहान गावात लिन आडनावाच्या शाळामास्तरांनी स्वतः शाई उगाळून मला लिहिलं. मास्तर मुलांना जुन्या साहित्याचे सगळे प्रकार शिकवत. माझे भाऊबंद पुष्कळ. जुन्या चालीत शब्द बसवून केलेली गीतं, गद्य की पद्य ते कळू न देणारी नटवी वर्णनं, भुताखेतांच्या छोट्या गोष्टी. मी मात्र शिस्तीच्या घरातला. ओळी आठच, प्रत्येक ओळीत अक्षरं पाचच. मधल्या ओळींनी जोडीनं चालायचं. एकीत डोंगर आला तर दुसरीत नदी हवी. येणारे-जाणारे माझ्यापुढे थांबून मान डोलवत, तेव्हा मला अभिमान वाटे.

मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलानं मला जपलं. टाइल्सवर चकाकी चढवण्यात हा धाकटा लिन मोठा वाकबगार. रास अल खैमाच्या एका फॅक्टरीत त्याला नोकरी लागली आणि मी त्याच्या खोलीच्या भिंतीवर आलो. त्याचा मॅनेजर दत्तप्रसाद तिथं चहाला येई. दोघांचं वर्षानुवर्षं चांगलं जमत होतं. पण मी काय म्हणतो, हे दत्तप्रसादनं कधी विचारलं नाही.

मग एक दिवस लिनची नोकरी संपली. निघताना त्यानं मला गुंडाळून दत्तप्रसादच्या हातात ठेवलं. तो हसला नाही. दत्तप्रसादनं मला घरी आणलं आणि कुणाला न दाखवता कपाटावर, बॅगांच्या मागं सारलं. तिथं मी धूळ खात पडलो.

सुट्टीत भारतात जायचं म्हणून अनुराधानं बॅगा ओढल्या, तेव्हा मी खाली आलो.

"हे काय रे?" तिनं विचारलं.

"काही नाही. फॅक्टरीतल्या एकानं दिलं होतं."

"कुणी?"

"आहे एक जण. ठेव तिथंच वर."

तो तिच्याकडे न बघता बोलला, आणि तिथंच माशी शिंकली. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर अनुराधानं फोनवर माझा फोटो काढला. फोननं मोडकंतोडकं भाषांतर केलं. रिकामी खोली. आरशावर धूळ. तुझ्या घोड्याच्या टापा हल्ली दुसऱ्या दारी ऐकू येतात. शेजारची मुनिबा जवळ बसली होती. तिनं वाचून फोन हळूच खाली ठेवला.

"अनु, ये किसी औरत ने लिखा है," ती म्हणाली. "मर्द ऐसे नहीं लिखते."

दत्तप्रसाद जेवताना फोन पालथा ठेवी. आधीही ठेवत असेल, पण अनुराधाला ते आता दिसू लागलं.

"तुमच्याकडे चायनीज बायका आहेत का रे कामाला?" तिनं एकदा पानावर विचारलं.

"आहेत दोघी. का?"

"सहज."

तो जेवता जेवता थांबला. आता तोही तिच्याकडे संशयानं पाहू लागला. हिला काय कळलंय, हे त्याला समजेना.

त्यांची मुलगी इरा शाळेत चिनी शिकते. "आई, जस्ट आस्क माय टीचर," ती म्हणाली. मुलीच्या चिनी बाईंसमोर घरातली लक्तरं उघडी करायची, या विचारानं अनुराधाला कानकोंड्यासारखं झालं. तरी ती मला घेऊन एकटीच गेली.

बाईंनी मला टेबलावर उलगडलं आणि खालच्या तांबड्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे पुरुषानं लिहिलंय."

"पण बोलतेय ती बाई ना?"

"आमच्याकडचा हा जुना प्रकार आहे. मोठ्या पदावर चढलेल्या मित्राला 'तू मला टाकलंस' असं तोंडावर म्हणणं जड जायचं. मग कवी टाकलेल्या बायकोच्या तोंडून बोलायचे. वाचणाऱ्याला बरोबर कळायचं." बाई थांबल्या. "अशा कवितेला उत्तर द्यायची रीत आहे. दिलंय का कुणी?"

गाडीत बसल्यावर अनुराधाला हसू आलं. आपल्याकडेही शाहीर पुरुषच आणि लावणीत वाट बघणारी बाई. पण सिग्नलला थांबल्यावर ते हसू मावळलं. मग यानं कुणाला टाकलं?

संध्याकाळी तिनं मला दत्तप्रसादसमोर ठेवलं आणि बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. "फॅक्टरीतून गेले ते तुझे मित्र लिनच. हे त्यांनी दिलं ना? काय केलंस तू त्यांचं?"

"मीटिंगमध्ये बॉसनं विचारलं, लिनशिवाय चालेल का? चालणार नाही हे मला माहीत होतं. पण माझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल अडकलं होतं. मी म्हटलं, चालेल."

"मला वाटलं, बाई आहे कुणी," अनुराधा म्हणाली. "तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

दत्तप्रसादनं मला गुंडाळायला घेतलं. तिनं त्याचा हात अडवला.

"आता उत्तर दे त्यांना."

"मला कविता कुठं येते?"

"मला सांगितलंस तेच सांग."

शुक्रवारी त्यानं मला हॉलमध्ये टांगलं आणि लिनला व्हिडिओ कॉल लावला. फॅक्टरीतल्या मोडक्या हिंदी-इंग्रजीत त्यानं सगळं सांगितलं, स्वतःला वाचवणारं एकही वाक्य न घालता. लिन ऐकत राहिला. मग त्याला मी मागच्या भिंतीवर दिसलो.

"एसी सामने नहीं," तो म्हणाला. "पेपर क्रॅक."

दत्तप्रसादनं मला लगेच उतरवलं आणि एकेका भिंतीशी धरून दाखवत गेला. खिडकीपासून लांबच्या भिंतीपाशी लिननं मान हलवली. "हियर ओके." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

त्यानं माफ केलं, की फक्त वडिलांच्या हातच्या कागदाची काळजी केली? मला अजून उमगलेलं नाही. दत्तप्रसादलाही नाही. तो मात्र रोज सकाळी मऊ फडक्यानं माझी धूळ झटकतो.

मित्रांनो, न कळणाऱ्या अक्षरांवर लगेच संशय घेऊ नका. जाणत्याकडे घेऊन जा. आणि कुणी जाताना तुमच्या हातात काही ठेवलं, तर ते काय म्हणतंय, हे तो दारात उभा आहे तोवरच विचारून घ्या.