शिवांजलीचा माळढोक

दोन लहान लेकरं आणि एक म्हातारा माणूस घेऊन वाळवंटात जायची कल्पना माझी नव्हती. माझं कुणी ऐकलं असतं तर आम्ही महाबळेश्वरला गेलो असतो. पण माझ्या सासऱ्यांना, शरणबसप्पांना, माळढोक बघायचा होता. तुळजापूरजवळ आमच्या शेताला लागून माळ होता, तिथं त्यांच्या तरुणपणी हा पक्षी यायचा. कमरेएवढा उंच, चाल गावच्या पाटलासारखी. आता बघायचा तर जैसलमेरकडचं राष्ट्रीय उद्यान गाठायचं. त्यात अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. मग मी बॅगा भरायला घेतल्या.

सोलापूरहून निघालो ते तिसऱ्या दिवशी पोचलो. शेंगाच्या पोळ्या वाटेतच संपल्या. तीन वर्षांच्या रुद्रेशनं एवढी वाळू बघितली आणि फतकल मारून खेळायलाच बसला. त्याची सहल तिथंच पूर्ण झाली. सहा वर्षांच्या शिवांजलीला मात्र आज्जाला माळढोक दाखवायचा होता.

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीची गाडी होती. अप्पांची लिंगपूजा उरकली आणि आम्ही पहाटेच जीपमध्ये बसलो. गाईडनं एका कुंपणाआड बसवून ओठांवर बोट ठेवलं. तासाभरानं त्यानं लांबच्या गवताकडं हात केला. बसवेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिसला. मला दिसला. अप्पांच्या मांडीवर बसलेल्या शिवांजलीलाही दिसला.

"दिसला का अप्पा?" मी कुजबुजले.

"व्हय व्हय, दिसला की."

त्यांची नजर भलतीकडंच होती. एवढ्या लांब येऊन हा माणूस आम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत होता.

तेवढ्यात शिवांजली ताडकन उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "हाऽऽ हुर्र!"

ज्वारी हुरड्यात आली की अप्पा नातीला घेऊन राखणीला बसतात. पाखरू दिसलं की ओरडायचं, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. इथं एवढं मोठं पाखरू बसलेलं आणि एकही माणूस ओरडेना, मग पोरीला राहवलं नाही.

माळढोक उठला. पांढऱ्या मानेचा, भला थोरला, जड पंख मारत आमच्यासमोरून आडवा गेला. गाईडनं कपाळाला हात लावला. मी पोरीच्या पाठीत एक द्यायला हात उचलला, तोवर अप्पा उभे राहिले होते.

"आता दिसला! आक्खा दिसला गं!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग ते खाली बसले.

"आपल्या माळावरला बी असाच उठला हुता," ते म्हणाले. "म्याच उठवला. माळ मोडून ज्वारी पेरली, अन् ह्यो आला की मी गोफण मारायचो. दोन सुग्या आला. मग न्हाय आला."

"परत कधीच न्हाय?" शिवांजलीनं विचारलं.

"न्हाय बाळ."

तिचा चेहरा उतरला. "मग ह्यो तरी येईल का, आज्जा?"

गाईडला मराठी कळत नव्हती, पण पोरीचा चेहरा कळला असावा. "अब चुप बैठो, बेटा," तो मऊ आवाजात म्हणाला.

शिवांजलीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. इतकी शांत मी तिला झोपेतही बघितलेली नाही. ऊन वर आलं. रुद्रेश माझ्या खांद्यावर झोपून गेला. परत निघू या म्हणून बसवेशनं खूण केली. ती हलली नाही. मीही हलले नाही.

मग पार पलीकडच्या गवतात तो उतरला.

अप्पांना चाहूल लागली असावी. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बसला का गं?"

तोंडावरचे हात न काढता तिनं मान डोलावली. अप्पांच्या तळहाताला ते कळलं.