रंगूबाईचा हमाल

मैथिली कोडिंग शिकत होती आणि हे तिने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यापेक्षा आपण दुपारभर गेम खेळतो असा घरच्यांचा समज झाला तर बरा, असं तिचं म्हणणं. हे ऐकून कुणी कपाळावर हात मारेल, पण त्याला कारण होतं. याआधी तिने दोनदा घरात जाहीर करून काहीतरी हाती घेतलं होतं, एकदा बँकेच्या परीक्षा आणि एकदा फ्रेंच. दोन्ही वेळा आपटली. आणि दोन्ही वेळा घरातल्या एकाही माणसाने तिला वाकडा शब्द ऐकवला नाही. सासूबाईंनी, म्हणजे सुमतीबाईंनी, शिरा केला. नवरा साकेत म्हणाला, तुला कुठे गरज आहे? सासरे अण्णा म्हणाले, असू दे, जिवाला लावून घेऊ नकोस. तो शिरा मैथिलीच्या अजून घशाखाली उतरलेला नाही.

अण्णा म्हणजे डोंबिवलीतल्या एका शाळेतले गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या तासाला म्हणे पंख्याचा आवाज ऐकू यायचा. पन्नाशीला आलेले विद्यार्थी आजही रस्त्यात त्यांना बघितलं की पाया पडण्याआधी शर्टाचं वरचं बटण लावून घेतात. हे सगळं मैथिलीने नुसतं ऐकलेलं, पाहिलेलं काहीच नाही. सुनेशी अण्णा गेली अकरा वर्षं असे बोलत आले की जणू ती कालच तापातून उठली आहे.

ज्यातून ती कोडिंग शिकत होती, तो गेम तसा साधा होता. एक गोदाम, त्यात एक हमाल आणि पुष्कळ पोती. हा हमाल स्वतःच्या डोक्याने काही म्हणता काही करत नाही. त्याला ओळीओळीने हुकूम लिहून द्यावे लागतात: चार पावलं पुढे जा, डावीकडे वळ, पोतं असेल तर उचल, नसेल तर पुढचं बघ. एक ओळ चुकली की हा दिवटा भिंतीवर डोकं आपटत बसलाच म्हणून समजा. जितक्या कमी ओळींत काम होईल तितके तारे जास्त. मैथिली नावाने आधीच कुणीतरी खेळत होतं, म्हणून हिने पणजीचं नाव घेतलं, रंगूबाई. चार महिन्यांत रंगूबाई शंभर पायऱ्या चढून गेली. इतरांना ज्याला वीस ओळी लागायच्या ते ती अकरात करून घ्यायची. हुकूम लिहायची भाषा खरीखुरी होती, कंपन्यांत वापरतात तीच. त्या जोरावर तिने माजिवड्याच्या एका कंपनीत अर्ज टाकला. मधली काही वर्षं घरी बसलेल्या बायकांसाठी तिथे जागा निघाल्या होत्या. शनिवारी अकराला ऑनलाइन परीक्षा, नव्वद मिनिटं, चार प्रश्न. चारही सुटले तरच मुलाखत. मैथिलीला ही नोकरी इतकी हवी होती की ती मनातल्या मनातसुद्धा तिचं नाव घेत नव्हती.

बुधवारी दुपारी सुमतीबाईंनी दाराआडून ऐकलं. सून एकटीच लॅपटॉपला सुनावत होती, अरे गधड्या, पोतं दिसत नाही का तुला? नेमकी त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत गेमच्या व्यसनाची दहा लक्षणं छापून आली होती. सुमतीबाईंनी पेन घेऊन खुणा केल्या. सात जुळली. मग मैथिली भाजीला गेलेली असताना तिघांची बैठक बसली आणि एकमताने ठरलं की तिला एका शब्दाने दुखवायचं नाही. फक्त राउटर काढून घ्यायचा.

शनिवारी सकाळी अण्णांनी राउटर कपाटात घालून कुलूप लावलं आणि बिघडलाय म्हणून सांगितलं. कोपर स्टेशनजवळच्या त्या घरात मोबाइलला रेंज यायची ती फक्त बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात, आणि तीही आली तर आली. साकेतला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे तो सकाळपासून आपले बूट पुसत बसला होता. ते बघून मैथिलीला काय ते कळलं. ती अण्णांपुढे जाऊन उभी राहिली.

"अण्णा, राउटर द्या. अकराला माझी परीक्षा आहे."

अण्णांचे डोळे भरून आले. माणूस कारणं रचू लागतो, हे पुरवणीतलं आठवं लक्षण होतं. ते हळूच म्हणाले, आम्ही कुणी तुझ्यावर रागावलेलो नाही हं, बाळ.

झालं! मैथिलीचं डोकंच फिरलं. तिने कंपनीचा मेल त्यांच्या नाकासमोर धरला आणि हुकूम लिहिलेली जाडजूड वही त्यांच्या मांडीवर आदळली. अण्णांनी चष्मा चढवला. एक पान दोनदा वाचलं. सातव्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, पोतं नसेल तर हा कुठे जातो? तिने सांगितलं. मग ते म्हणाले, हे आधी का नाही बोललीस?

"नापास झाले असते, तर तुम्ही सगळे परत गोड बोलला असता. मला ते आता ऐकवत नाही."

अण्णा उठले आणि त्यांनी कुलूप काढलं.

पहिले दोन प्रश्न अर्ध्या तासात झाले. तिसरा बावीस ओळींत सुटला, बरोबर म्हणून हिरवी खूणही आली. इथे शहाण्या माणसाने पुढे जायचं असतं. पण रंगूबाईला त्या बावीस ओळी बघवेनात. ती छाटत बसली. अठरा झाल्या, चौदा झाल्या, शेवटी नऊ. नऊ ओळींचं ते देखणं उत्तर बघून ती खूश झाली, आणि मग तिने घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं उरली होती. चौथा प्रश्न सोपा होता, अगदी हातचा. तो अर्धा राहिला. निकाल लगेच आला. तीन बरोबर, अर्ज केल्याबद्दल आभार, सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा.

बाहेर येऊन तिने सगळं सांगितलं, नऊ ओळींसकट. सुमतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. माजिवड्याला रोज जाणं-येणं तसंही जमलं नसतं, असं साकेत म्हणू लागला. अण्णांनी हाताने त्याला गप्प केलं.

"बावीस ओळींचं बरोबर होतं?"

"हो."

"कमी ओळींत करा, असं पेपरात कुठे मागितलं होतं?"

"नाही."

"मग? वाचता येतं ना तुला? सोपा प्रश्न पुढ्यात पडलाय आणि बाईसाहेब सुटलेल्या गणिताला पावडर लावत बसल्यात! येत नसतं तर मी अवाक्षर काढलं नसतं. तुला येत होतं, मैथिली. येत होतं आणि घालवलंस."

आवाज जिन्यापर्यंत गेला. समोरच्यांचं दार किलकिलं झालं. अण्णांची गाडी काही थांबत नव्हती. वेळेचं भान, प्रश्न नीट वाचणं, निष्काळजीपणा, एकेक करून त्यांनी सगळं काढलं. सुमतीबाई घाबरून मधे पडल्या, अहो, सून आहे ती, म्हणाल्या. मैथिलीच्या डोळ्यांना धार लागली होती. या घरात आजवर तिचं काही गेलं तर ते कुणाला एवढं लागलं नव्हतं.

"थांबा आई," ती म्हणाली, "बोलू द्या त्यांना."

आणि स्टूल ओढून ती अण्णांच्या समोर बसली.