मुठीतली गोल काच

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा एक जुना फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी, पितळी कडीतली गोल काच. धूळ, चिखल, ओरखडे सगळं अंगावर घ्यायचं आणि फोटोत मात्र कुठेच दिसायचं नाही, अशी माझी नोकरी.

माझे मालक फोटोग्राफर होते. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांनी मला निवडलं तो दिवस अजून आठवतो. दुकानदाराने आमची रांगच मांडली होती. बाबांनी एकेकाला पांढऱ्या कागदावर ठेवून पिवळट झाक दिसते का ते पाहिलं. मग ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. स्वस्तातल्या काचेत नळी लख्ख पांढरी उमटली, माझ्यात अंधुक हिरवी. चमक जितकी कमी तितकी काच चांगली, हे बाबांना पक्कं ठाऊक. सगळ्यात महागडा फिल्टरही माझ्याइतकाच अंधुक निघाला, मग नुसत्या नावासाठी जादा कशाला मोजायचं? शेवटी कडीचे आटे कुठे अडकत नाहीत ना, हे पाहायला मला लेन्सवर बसवून पुन्हापुन्हा फिरवलं. दुकानदार वैतागून म्हणाला, फिल्टर घेताय की जावई शोधताय? मी मात्र मनातल्या मनात हुरळून गेलो.

मग कितीतरी वर्षं आम्ही लग्नं केली, शाळेचे वर्गच्या वर्ग टिपले. एकदा गाडीच्या चाकाने खडा उडाला, तो मी झेलला. लेन्सला खरचटलंसुद्धा नाही. बाबा महिनाभर माझं कौतुक करत होते.

पण घरात बाबांचाच एकही धड फोटो नव्हता. समोर कॅमेरा आला की ते काढता पाय घ्यायचे. ते आजारी पडले तेव्हा लेकीने ठरवलं, या वाढदिवसाला एक तरी चांगला फोटो काढायचाच. केकवर मेणबत्त्या लावल्या, बाबा कसेबसे बसले. तिने खटका दाबून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, तर बाबांच्या गालावर हिरवट, उलट्या ज्योती! दुसऱ्यांदाही तेच. बाबांना धाप लागली होती, ते उठायच्या बेतात होते. लेक रडवेली झाली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, समोर ज्योत असली की काचेत तिचं प्रतिबिंब उमटतं, तेव्हा फिल्टर काढायचा," बाबा म्हणाले. "कितीही चांगला असला तरी. आण तो इकडे."

मी चटकन सुटलो. काचेला कुणाचं बोट लागलं तर ओरडणाऱ्या बाबांनी मला चक्क मुठीत घेतलं आणि हसले. खटका वाजला.

तो फोटो आता भिंतीवर आहे. बाबा नाहीत. पाहुणे विचारतात, हात असा मिटलेला का? लेक सांगते, त्यात त्यांचा फिल्टर आहे. माझ्यातून हजारो फोटो निघाले, पण ज्यात मी आहे असा हा एकच.

हल्लीच्या लेन्स रुंद, त्यांना मी बसत नाही. कपाटात पडून असतो आणि जुने दिवस आठवत राहतो. मित्रांनो, फिल्टर घेताना नावाला भुलू नका, काच निरखा, कडी फिरवून बघा. शर्टाच्या टोकाने आम्हाला पुसू नका, मऊ फडकं घ्या. मात्र माझ्या काचेवर बाबांच्या अंगठ्याचा ठसा आहे. लेक मला अधूनमधून बाहेर काढते, उजेडात धरते आणि तसंच परत ठेवते. कधी तुमच्या हाती आलो, तर मला तेवढं पुसू नका.