तामोत्सूचे ताट

"उचला ते ठोकळे. सगळे," हामासाकी मुकादम म्हणाला.

कोरड्या गोदीच्या तळाशी सुतार उभे होते. कोणीच हलले नाही. जहाज आत घेऊन पाणी उपसले की ते लाकडी ठोकळ्यांवर बसते, आणि प्रत्येक जहाजाच्या तळाप्रमाणे ठोकळ्यांची मांडणी वेगळी. ही मांडणी दक्षिणेच्या बेटांकडे लढायला गेलेल्या विमानवाहू जहाजाची होती. ते दुरुस्तीला कुरे बंदरात यायचे होते. तोकुझोने मधली रांग मागून घेतली होती आणि एकेक ठोकळा दोनदा तपासून बसवला होता. त्याचा एकुलता एक मुलगा, तामोत्सू, त्याच जहाजाच्या बॉयलरखोलीत होता.

"दुसऱ्या गोदीत नेत असतील," एक जण म्हणाला.

"एवढं मोठं जहाज मावेल अशी गोदी तुझ्या सासऱ्याच्या परसात आहे का?" हामासाकी म्हणाला. मग त्याची नजर तोकुझोवर गेली आणि आवाज खाली आला. "इथे आता क्रूझर यायचीय. तिच्या मापाने मांडा. आणि इथलं इथेच राहू द्या. रंगाऱ्यांतला एक जण गुत्त्यावर बरळला, तो आज लष्करी पोलिसांकडे आहे."

"हामासाकीसान, बुडण्याआधी माणसं तरी काढली असतील ना?" तोकुझोने विचारले.

"मला कोण सांगतंय, बाबा. हात चालव."

तोकुझोने घण उचलला आणि पहिली पाचर सैल केली.

घरी कियोनोने ताट मांडले होते. लांब गेलेल्या माणसाचे ताट रोज मांडायचे, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. साराच्या वाटीवरच्या झाकणाला आतून थेंब धरले की माणूस जिवंत आहे असे समजायचे. कियोनोने झाकण उलटे करून नवऱ्यापुढे धरले.

"बघा, भिजलंय. धडधाकट आहे लेक. घ्या आता ते सार. त्याच्या नावाने तुमची रोज चैन."

"मीठ कमी आहे," तोकुझो म्हणाला.

"मग त्याला सांगा. सार त्याचं आहे."

नक्की कळले की सांगू, असे त्याने ठरवले. नक्की कोणीच काही सांगेना. थंडी पडली. कियोनोच्या छातीतला खोकला हटेना आणि तिने अंथरूण धरले. ताट तोकुझो मांडू लागला. कोळसा जेमतेम मिळायचा. एके सकाळी सार कोमटच राहिले आणि झाकण कोरडे निघाले.

"दाखवा," कियोनो अंथरुणातून म्हणाली.

त्याने पाठ केली, पाण्यात बोटे बुडवून झाकणावर थेंब शिंपडले आणि तिला नेऊन दिले. तिने ते खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिले.

"अहो, वाफेचे थेंब बारीक असतात."

तो शेगडीतला कोळसा हलवू लागला.

"गोदीत काही ऐकलंत का?"

"कोळसा ओला निघालाय," तोकुझो म्हणाला.

तिने झाकण त्याच्या हातात परत दिले. "मग उद्या जरा जास्त उकळवा."

त्यानंतर तिने झाकण पाहायला मागितले नाही. फेब्रुवारीत ती गेली.

चेरी फुलून गेल्यावर कचेरीतला माणूस दारात आला, वाकून नमस्कार करून बोलला. तामोत्सू दक्षिणेच्या समुद्रात कामी आला होता. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी तोकुझोने दोन्ही हातांनी घेतली. तिच्यात नावाच्या कागदापलीकडे काही नव्हते.

शेजारच्या ओकुबोसान उदबत्त्या घेऊन आल्या. कोनाड्यातले ताट पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"तोकुझोसान, हे जिवंत माणसाचं ताट. आता मोडायला हवं. पोराला आईजवळ ठेवा, देव्हाऱ्यात."

"मोडतो."

"आणि आधी कियोनोसानना सांगा. गेलेल्यांनाही घरातलं सांगावं लागतं. नाहीतर ती इकडेच त्याची वाट बघत बसायची. तो तिकडे एकटा."

"तिला बहुतेक कळलं होतं," तोकुझो म्हणाला.

"बहुतेक म्हणजे? तुम्ही सांगितलं होतंत?"

तोकुझो पेटीवरचे कापड सारखे करू लागला. ओकुबोसाननी उदबत्त्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्या निघून गेल्या.

तोकुझोने उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली आणि पत्नीच्या नावाच्या पाटीसमोर गुडघे टेकून बसला.

"कियोनो," तो म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "ओकुबोसान आल्या होत्या. बऱ्या आहेत. मुळे महागलेत म्हणाल्या."

उदबत्ती विझेपर्यंत तो बसून राहिला. मग उठला आणि पेटी अंथरुणाच्या कपाटात, मागच्या बाजूला ठेवली.

तामोत्सू गेल्याचे त्याने कियोनोला अजून सांगितलेले नाही.