रजयांखालचा डबा

“पार्सल उद्या येईन म्हणते. आता काय करू, आजी? ह्या सूपले सुक्या मासोळ्याच पाहिजे. त्याच्याशिवाय काही मजा नाही.”

खुशी मोबाईल ओट्यावर आपटून गॅसजवळ उभी होती. पातेल्यात पाणी उकळत होतं. बाजूला पनीरसारखं टोफू कापून ठेवलेलं आणि वाटीत सोयाबीनची आंबवलेली पेस्ट. ती पहिल्यांदा आणली तेव्हा आजी, कौसल्या, म्हणाली होती, “सोयाबीन सडवून खातात? अन् आपण तेल काढून राहिलो!”

रविवारचं जेवण कोरियन, हा या घरातला वर्षभराचा नियम. मागच्या महिन्यात खुशीची पत्ताकोबीची किमची फसफसून बरणीबाहेर आली, जिन्यापर्यंत आंबूस वास गेला. तिच्या बापाने, दुर्गेशने, हसत हसत त्या बरणीचे फोटो काढून ऑफिसातल्या लोकांना पाठवले.

कौसल्याने पदराला हात पुसले. आपल्या खोलीत गेली. दिवाण उघडून रजया बाजूला केल्या आणि तळातून स्टीलचा डबा काढला. झाकणाला दोन रबरं लावलेली.

“हे घे.”

खुशीने झाकण उघडलं आणि किंचाळलीच. “आजी, अगदी सेम! काहून लपवून ठेवलं होतं?”

“तुह्या बापाले विचार.”

डब्यात सुकट होती. करंगळीएवढ्या, चांदीसारख्या सुक्या मासोळ्या. कन्हानला माहेरी गेली की भावजय बाजारातून आणून पुडी हातात द्यायची. तिथे असेपर्यंत कौसल्या पोटभर खायची. इथे आणलेली मात्र शिजायची नाही. टाकूनही देववत नव्हती.

या फ्लॅटमध्ये राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात तिने तव्यावर सुकट भाजली होती. कांदा, लाल तिखट, लसूण. समोरच्या दारातली हिमानी नाकाला रुमाल लावून आली. “काही मेलंय का हो इकडे? नाली चेक करा बरं.” बौद्धांचं घर आहे हे तिला हॉलमधल्या मूर्तीवरून आधीच कळलेलं होतं. दुर्गेशने तिला सांगायला हवं होतं, की बाई, आमचं जेवण शिजतंय. त्याने काय केलं? प्लंबर बोलावला. चांगल्या नालीची जाळी उघडायला लावली, हिमानीला दिसेल असं दार सताड उघडं ठेवून. प्लंबरही वास घेऊन तव्याकडे पाहत होता, पण गरीब माणूस, पैसे घेऊन निघून गेला. त्याच दिवशी दुर्गेश आईला म्हणाला, “आई, हे आता या घरात नको.” दारावरच्या पाटीवर आडनाव असं लिहिलं होतं की कोणाला काही कळू नये. पण वासाला कुठलं आडनाव लावणार?

कौसल्याने तेव्हा तवा घासून ठेवला. लेकाने कष्टाने घर घेतलं होतं. त्या घरात तिला एक खोली होती, पंखा होता, सगळं होतं. जिभेचं तेवढं राहिलं.

रस्सा उकळला आणि घरभर तो वास पसरला. बाहेरून आलेला दुर्गेश चप्पल काढता काढता थांबला. चेहरा उतरला. सरळ स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेला.

“बाबा, ॲन्कोव्ही आहे!” खुशी ओरडली. “कोरियात ही मासोळी घरोघरी असते.”

“असं का,” तो म्हणाला, आणि त्याचे ताठलेले खांदे सैल झाले. ते खांदे कौसल्याने पाहिले. इतक्या वर्षांत तिला एवढा राग कधी आला नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. हिमानी, हातात रिकामा बाऊल.

“खुशी बेटा, काय मस्त सुगंध येतोय! आमचा आयुष म्हणतो, कोरियन बनतंय, घेऊन ये.”

“या ना, वहिनी,” दुर्गेश म्हणाला. “ॲन्कोव्हीचं सूप आहे.”

सुनेने, प्रीतीने, बाऊल भरून दिला. हिमानीने तिथेच चमचाभर प्यायलं. “वा!”

“सुकट आहे ते,” कौसल्या म्हणाली.

“आई...”

“कन्हानच्या बाजारातली. हिमानीताई, तुमी मांगं विचारलं होतं ना, काही मेलं का म्हणून? हेच होतं. नाली चांगलीच होती आमची.”

हिमानीचा चमचा बाऊलमध्येच राहिला. ती हसली, मग हसू आवरलं. “मी... घरी जाऊन पिते,” म्हणाली आणि बाऊल घेऊन गेली. तो आयुषला मिळाला की बेसिनमध्ये गेला, कोणाला कळलं नाही. कौसल्यालाही ते जाणून घ्यायचं नव्हतं.

“काहून सांगतलं, आई?” दुर्गेशचा आवाज बारीक झाला होता. “रोज तोंड पाहायचं आहे त्यायचं.”

“मलेही रोज पाहायचं आहे. आरशात.”

प्रीती खाली मान घालून वाढत राहिली. मग हळूच म्हणाली, “आई, तुमच्या पद्धतीची करता का? मी कधी खाल्लीच नाही तुमच्या हातची.”

कौसल्याने तवा चढवला. कांदा परतला, लसूण ठेचून टाकला, उरलेली सुकट टाकली. धूर उठला, खुशीला ठसका लागला. दुर्गेश सवयीने खिडकीपाशी गेला. कडीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. लावत नव्हता, सोडतही नव्हता.

“जेवून घे गा,” कौसल्या तव्यावरून नजर न काढता म्हणाली. “थंडं होऊन राहिलं.”

मग तिने डब्याची दोन्ही रबरं केराच्या टोपलीत टाकली, आणि डबा मिठाच्या बरणीशेजारी, हाताला येईल असा ठेवला.