फरामर्जने उतरवलेला गंधार

मित्रांनो, फ्रीमाँटमधल्या एका टाउनहाउसच्या बैठकीत, भिंतीला पाठ लावून उभा असलेला तपकिरी पियानो म्हणजे मी. लवकरच मला शंभर वर्षं पूर्ण होतील. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तो आता नाही, आणि ज्या कारागिरांनी माझ्या लोखंडी चौकटीवर सव्वादोनशे तारा ताणल्या, त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. तरुणपणीची चाळीस-पन्नास वर्षं मी ओकलंडच्या एका चर्चच्या हॉलमध्ये काढली. लग्नं पाहिली, प्रार्थना वाजवल्या, शाळकरी मुलांच्या मुठी सोसल्या. पुढे विजेवर चालणारं नवं वाद्य आलं आणि माझ्या डोक्यावर घडीच्या खुर्च्या रचल्या गेल्या.

त्या खुर्च्या उतरवल्या फरामर्जने. तो मूळचा शिराझचा. तेहरानमध्ये पाश्चात्त्य संगीत शिकला आणि पुढचं शिक्षण घ्यायला कॅलिफोर्नियात आला. मागे देशात क्रांती झाली आणि परतीची वाट बंद झाली. चर्चच्या लोकांनी त्याला सांगितलं, हवा असेल तर घेऊन जा. त्याने चार मित्र जमवले आणि मला घरी आणलं.

घरी आल्यावर त्याने सगळ्यात आधी माझी पुढची फळी काढली. मग सूर लावायची किल्ली घेऊन माझ्या काही खुंट्या तो सैल करू लागला. मी घाबरलो. जन्मापासून मला एकच गोष्ट शिकवली होती: प्रत्येक पट्टीला तिचा सूर ठरलेला, आणि दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. फरामर्जच्या देशातल्या गाण्यात मात्र त्या मधल्या जागेतच माणसं रडतात, आठवण काढतात, प्रेम करतात. म्हणून त्याने माझ्या मधल्या सप्तकांतले गंधार आणि निषाद पाव सुराने खाली उतरवले. खालच्या पट्ट्यांना हात लावला नाही. डाव्या हाताने तो युरोपातल्या चर्चसारखे भारदस्त सूर धरायचा आणि उजव्या हाताने शिराझच्या बागेत शिरायचा. दोन्ही हात एकमेकांना सांभाळून घेत.

हे ऐकून त्या भाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी खाली आली. तिचं नाव संघमित्रा. ती नागपूरची, फार्मसी शिकायला आलेली. तिचे वडील राजाराम भीमगीतांच्या गायन पार्टीत हार्मोनियम वाजवत, त्यामुळे सूर तिच्या कानात लहानपणापासून बसलेले.

"हा गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही," ती दारातूनच म्हणाली. "मग आहे तरी कुठला?"

"माझ्या घराचा," फरामर्ज म्हणाला.

"आमच्या पेटीवर हा निघणारच नाही."

"म्हणून तर पेटी नाही घेतली."

पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. त्यांच्या मुलीचं नाव रोशनी ठेवलं. शिराझच्या आजीला आणि नागपूरच्या आजीला ते सारखंच आपलं वाटलं.

मित्रांनो, माझंही कौतुक झालं. बर्कलीतल्या एका सभागृहात फरामर्जचा कार्यक्रम ठरला. तिथे काळाभोर, चकचकीत ग्रँड पियानो होता. पण त्याच्या खुंट्यांना हात लावू देणार नाही, असं व्यवस्थापकांनी बजावलं. फरामर्जने वाद घातला नाही. त्याने ट्रक बोलावला आणि मला, या चर्चमधल्या म्हाताऱ्याला, त्या मंचावर नेऊन उभं केलं. पुढच्या रांगेत सुटाबुटातले इराणी गृहस्थ रुमाल डोळ्यांना लावून बसले होते आणि त्यांच्या शेजारी संघमित्रा ताठ मानेने. ग्रँड पियानो मागे पडद्याआड उभा होता. त्याची मला जराशी कीवच आली.

घरात मात्र एक व्यक्ती माझ्यावर नाराज होती. रोशनी बारा वर्षांची असताना तिच्या वाढदिवसाला मैत्रिणी आल्या. एकीने शाळेत शिकलेली धून माझ्यावर वाजवली. मध्येच गंधार आला आणि सगळ्या खिदळल्या. युअर पियानो इज ब्रोकन!

त्या गेल्यावर रोशनी वडिलांपुढे उभी राहिली. "बाबा, फिक्स करा ना हा. इट्स सो एम्बॅरसिंग."

"बिघडलेला नाही, रोशनी जान. त्याचे उच्चार बाहेरचे आहेत. माझ्यासारखे."

ती हसली नाही. फरामर्जने तिला हेडफोन लावून वाजवायचा कीबोर्ड आणून दिला. तो कीबोर्ड वर तिच्या खोलीत गेला आणि रोशनीही वर गेली. खाली माझ्यापाशी ती क्वचितच आली. मोठी झाली, जर्सी सिटीत नोकरी लागली, घरी येणं दिवाळीपुरतं आणि नवरोजपुरतं राहिलं.

फरामर्जचे हात थरथरू लागले तेव्हा त्याने शिकवणं कमी केलं. अनिका नावाची एकच विद्यार्थिनी उरली. खुंटी फिरवणं त्याला जड जाई. गेल्या नोव्हेंबरात त्याने माझे सूर लावले ते तीन दिवस लागून. किल्ली दोन्ही हातांनी धरायचा, दम खायचा, पुन्हा कान लावायचा. रोशनी तेव्हा घरी होती.

"ये, बस," तो तिला म्हणाला. "कसं उतरवायचं ते दाखवतो."

"नेक्स्ट टाइम, बाबा. एअरपोर्टला निघायचंय."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडे वळला.

फेब्रुवारीत तो गेला. मला शेवटचा स्पर्श त्याने आदल्या दुपारी केला होता. वाजवलं काही नाही, नुसता गंधार दाबला आणि तो विरेपर्यंत बोट उचललं नाही.

चाळिसाव्या दिवशी घरी माणसं बोलवायची ठरली. इराणी रिवाजाप्रमाणे हलवा आणि खजूर, आणि संघमित्राच्या माणसांसाठी बुद्धवंदना. अनिका सरांची रचना वाजवणार होती. आदल्या दिवशी संघमित्रा फुलं आणायला बाहेर गेली आणि रोशनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने बोटाने माझ्यावरची धूळ पुसली. बाबांच्या दिवशी बाबांचा पियानो नीट असावा, एवढंच तिच्या मनात होतं. तिने ट्यूनरला फोन केला.

आलेला माणूस भला होता. त्याने पायातले बूट दारात काढले, माझी फळी हळुवार उघडली, पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या.

"मधल्या बऱ्याच नोट्स खूप खाली गेल्यात," तो म्हणाला. "किती वर्षं कोणी पाहिलेलं नाही?"

रोशनीला शरम वाटली. नोव्हेंबरात बाबांच्या थरथरत्या हातांनी सूर लागलेच नसावेत, असं तिने धरलं. "नीट असं, बरीच," ती म्हणाली. "सॉरी."

दोन तास तो काम करत होता. एकेका सुराच्या तीन-तीन तारा त्याने वर ओढल्या. ज्या सैलपणाची मला इतक्या वर्षांत सवय झाली होती, तो संपला. रोशनी सोफ्यावर बसून पाहुण्यांची यादी करत होती. मी तिला हाक मारू शकत नव्हतो. काम संपल्यावर त्याने वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवून दाखवल्या. "आता कसा गातोय बघा." रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याचे मनापासून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. वंदना झाली. अनिका माझ्यासमोर बसली, डाव्या हाताने सूर धरले, उजव्या हाताने गंधार दाबला आणि थांबली. पुन्हा दाबला. मग मागे वळली.

"रोशनीताई... हा ट्यून केलाय का?"

"हो, कालच. का?"

अनिकाने हात मांडीवर घेतले. फरामर्जचे शिराझपासूनचे एक वृद्ध मित्र मान खाली घालून हातातला कप पाहू लागले. स्वयंपाकघरातून संघमित्रा हलव्याचं ताट घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"गंधार कुठे गेला?" तिने विचारलं.

रोशनीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला त्या क्षणी कळलं. अनिकाने सावरून घेतलं. जिथे तो उतरवलेला सूर लागत नाही अशी एक जर्मन रचना तिने वाजवली. ती तिने फार सुंदर वाजवली. लोकांनी हलवा खाल्ला, संघमित्राचे हात हातात घेतले, आणि घर रिकामं झालं.

"आई, मी बाबांचं शेवटचं होतं ते पुसून टाकलं," रोशनी म्हणाली. "मला वाटलं, इट वॉज जस्ट ओल्ड."

"ताटं उचल आधी," संघमित्रा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. रोशनीने ताटं उचलली, संघमित्राने धुतली.

रोशनीने रजा वाढवली. जुन्या कॅसेट काढल्या, पण टेपचा वेग कमीजास्त होता. सूर त्यावरून ठरेना. अनिकाला फोन केला. ती म्हणाली, "सर दर वेळी केसभर बदलायचे, ताई. लिहून कधीच ठेवलं नाही. म्हणायचे, कान आहेत ना."

मग एका सकाळी रोशनी स्वतः किल्ली घेऊन बसली. पहिल्या दिवशी तिच्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी संघमित्रा भाजी निवडता निवडता स्वयंपाकघरातूनच बोलली.

"अजून खाली."

रोशनीने खुंटी फिरवली.

"अगं, गेलं. वर घे."

"किती वर, आई?"

"किती म्हणजे? एवढं." तिने अंगठा आणि बोट हवेत जवळ आणून दाखवलं. मग भाजीची पाटी बाजूला ठेवून ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि डोळे मिटले. इतकी वर्षं पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना तिने जे ऐकलं होतं, ते ती आता मुलीच्या हातांना सांगत होती. बाहेर रस्त्यावर शाळा सुटलेल्या मुलांचा गलका आला आणि गेला. रोशनी खुंटी हलवे, सूर दाबे, वाट पाही.

शेवटी संघमित्राने डोळे उघडले. "जवळ आलं."

"तोच आहे?"

"नाही." तिने तो सूर स्वतः एकदा दाबून पाहिला. "पण ह्याच्यासोबत राहता येईल."

रोशनीने पट्ट्यांवर डोकं टेकलं आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. तिच्या कपाळाखाली माझे सात-आठ सूर एकदम वाजले. संघमित्राने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघींनी ते सूर विरू दिले.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. खाडीवरून दमट वारा येतो, माझं लाकूड फुगतं, तारा सरकतात. आई-मुलीने लावलेला गंधारही तसाच्या तसा राहणार नाही. तुमच्या घरी काही तुम्हाला वाकडं, जुनं, बिघडलेलं वाटत असेल, तर ते सरळ करण्याआधी थोडं थांबा. कुणीतरी ते मुद्दाम तसं ठेवलेलं असू शकतं. मला विचारून उपयोग नाही. मला सगळं आठवतं, पण कुणी पट्टी दाबल्याशिवाय माझ्यातून आवाज निघत नाही. माणसं आपण होऊन बोलतात. ये, बस, असं म्हणतात. तेव्हा बसा.